रेल्वेत अप्रेंटिस म्हणून जाऊ का? निफाडच्या मुलाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न नीट वाचला. निफाड तालुक्यातलं गाव, आयटीआय इलेक्ट्रिशियन पास, दहावीचे आणि आयटीआयचे मार्क चांगले, म्हणून मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस यादीत नाव लागलं. भुसावळ क्लस्टरमधून, म्हणजे गटातून, नाशिक रोडचा, म्हणजे एकलहऱ्याचा कर्षण मशीन कारखाना मिळाला, जिथे रेल्वे इंजिनांच्या मोटारी दुरुस्त होतात. महिन्याला ७००० रुपये स्टायपेंड. दुसरीकडे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून १४००० देतायत. गावात सगळे म्हणतात, वर्ष काढ, रेल्वे पुढे घेतेच. आयटीआयतले सर म्हणतात, वर्ष फुकट जाईल. वडील म्हणतात, तुझं तू ठरव. रुजू व्हायची तारीख जवळ आलीये आणि तुला झोप लागत नाही.

माझी नोकरी रेल्वेच्या विद्युत विभागात झाली. त्यातली बरीच वर्षं ट्रॅक्शन मोटारींच्या दुरुस्तीत आणि शेवटची अप्रेंटिस मुलांना कामावर शिकवण्यात गेली. मुलं कशी येतात, वर्षभर काय करतात आणि नंतर कुठे जातात, हे जवळून पाहिलंय. उत्तर लांब होईल, पण घाईत दोन ओळी लिहून तुझा गोंधळ वाढवण्यापेक्षा ते बरं.

तू विचारतोयस, ‘रेल्वे पुढे घेते का?’ तुला खरं ठरवायचंय ते असं की, रेल्वेनं घेतलं नाही तरी हे वर्ष तुझ्या कामाला येईल का. पहिली गोष्ट तुझ्या हातात नाही. दुसरी बरीचशी आहे, आणि मी जास्त त्याबद्दलच लिहिणार आहे. पण पहिलीचाही हिशेब आधी मिटवू.

अप्रेंटिस १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतो. कायद्याच्या दृष्टीनं तो शिकाऊ असतो, कामगार नसतो. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी द्यायचं बंधन कायदा मालकावर घालत नाही, मग तो मालक रेल्वे असो वा खासगी कंपनी. गावातली जुनी माणसं खोटं बोलत नाहीत. एके काळी अप्रेंटिस झालेल्या मुलांना रेल्वेत तात्पुरत्या जागांवर घेत आणि ती पुढे कायम होत. त्यांच्या डोळ्यांसमोर ती उदाहरणं आहेत. पण ते दिवस सरले. मार्च २०१८ मध्ये मुंबईत माटुंगा-दादर दरम्यान अप्रेंटिस झालेली मुलं रुळांवर बसली होती, ती थेट सामावून घ्या याच मागणीसाठी.

आजची व्यवस्था अशी आहे. रेल्वेच्या लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात, आणि ती अप्रेंटिसशिप रेल्वेच्याच आस्थापनेत झालेली असावी लागते. खासगी कंपनीतलं प्रमाणपत्र या २० टक्क्यांत चालत नाही. मात्र परीक्षा द्यावीच लागते. ९० मिनिटांत १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. जानेवारी २०२५ मध्ये अर्ज मागवलेल्या लेव्हल १ च्या भरतीत देशभरात ३२,४३८ जागा होत्या, म्हणजे २० टक्के हा आकडा लहान नाही. पण एकट्या मध्य रेल्वेत दरवर्षी अप्रेंटिसच्या २४०० च्या आसपास जागांची जाहिरात निघते, अशी इतर झोनची मुलं धर, आधीच्या वर्षांतली राहिलेली धर, आणि लेव्हल १ ची भरती दरवर्षी होईलच असं धरता येत नाही. दार उघडं आहे, पण त्या दाराशी गर्दीही आहे, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. असिस्टंट लोको पायलट आणि टेक्निशियन ग्रेड ३ या दोन्ही जागा लेव्हल २ च्या, मूळ वेतन १९,९००. त्यांच्यासाठी तुझं आयटीआय आत्ताच पुरेसं आहे. तिथे अप्रेंटिसशिपचं वेगळं आरक्षण नाही. म्हणजे तू अंबडला गेलास तरी ही दोन दारं बंद होत नाहीत. बंद होते ती लेव्हल १ मधली २० टक्क्यांची वाट.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. वर्ष फुकट जातं का? काही मुलांचं जातं, हे मी पाहिलंय. सकाळी हजेरी लावायची, कुणी काम सांगितलं तर करायचं, नाही तर शॉपच्या कोपऱ्यात मोबाईल बघत बसायचं, चार वाजायची वाट बघायची. काही ठिकाणी सुपरवायझरही अप्रेंटिसला कागद इकडून तिकडे न्यायला आणि चहा आणायला वापरतात. अशा मुलाच्या हातात वर्षाअखेर एक प्रमाणपत्र असतं, आणि मुलाखतीत ‘तू काय केलंस’ विचारलं की तो ‘मोटारीचं काम’ एवढं बोलून गप्प बसतो. सरांनी बहुधा अशीच मुलं जास्त पाहिलीत. ज्यांनी वर्ष वसूल केलं ती मुलं आयटीआयत परत भेटायला फारशी जात नाहीत, ती कामाला लागलेली असतात.

आता एकलहऱ्याला शिकायला काय आहे ते सांगतो, कारण तुझ्या पत्रावरून वाटतं की तुला त्याची कल्पना नाही. सिन्नर फाट्याच्या पुढे औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात, त्याच भागात हा कारखाना. इथे इलेक्ट्रिक इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटारी येतात. इंजिनाच्या चाकांना फिरवणाऱ्या या मोटारी, मोठ्या इंजिनाला सहा, प्रत्येक आसाला एक. नव्या डब्ल्यूएजी-९ इंजिनातली एक मोटार ८५० किलोवॅटची असते. आयटीआयच्या टेबलावर तू जी मोटार उघडून बांधलीस, ती बहुतेक एक-दोन किलोवॅटची असेल. मूळ तत्त्व तेच, पण इथली मोटार क्रेननंच हलते, आणि तिच्यातली बारीकशी चूक घाटात गाडी उभी करू शकते.

घाटाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला द्यायचो, कारण ते आपल्याच जिल्ह्याच्या वेशीवरचं आहे. कसारा ते इगतपुरी चढ १ ला ३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेच्या मानानं हा फार मोठा चढ, म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडतात. जुन्या इंजिनांत डीसी सिरीज मोटार असते. ती जोरात फिरते तेव्हा तिच्यात उलटा दाब, म्हणजे बॅक ईएमएफ, तयार होतो आणि करंट आवरलेला राहतो. चढावर वेग पडला की बॅक ईएमएफ पडतो, करंट वाढतो, आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट झाला तर तापणं चौपट. त्यात गाडी घाटात अडकली आणि ड्रायव्हरनं पॉवर धरून ठेवली, तर आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, जागचं हलत नाही, करंट पोचवणारे कार्बन ब्रश कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल नळकांड्याच्या, त्याच त्या पट्ट्यांवर टेकून राहतात आणि तेवढ्या पट्ट्या जळतात. अशी मोटार कारखान्यात उघडली की कम्युटेटरवर ब्रशच्या मापाचे काळे चट्टे दिसतात, ठराविक अंतरावर. ते बघून तुला सांगता आलं पाहिजे की ही मोटार चढावर उभी राहिली होती. पुस्तकातलं बॅक ईएमएफचं सूत्र आणि तो काळा चट्टा यांची गाठ ज्या दिवशी तुझ्या डोक्यात पडेल, तो दिवस तुझ्या शिक्षणातला मोठा दिवस असेल. अंबडच्या असेंब्ली लाइनवर हे मिळणं अवघड आहे, कारण तिथे नवं यंत्र बांधलं जातं. बिघडलेलं यंत्र उघडून कारण शोधायची सवय दुरुस्तीच्या कारखान्यातच लागते.

कम्युटेटरबद्दल थोडं अजून. चांगल्या चाललेल्या कम्युटेटरचा रंग चॉकलेटी असतो, एकसारखा, हलकी चमक असलेला. नवशिका मुलगा तो घासून तांब्यासारखा चकचकीत करायला जातो, कारण त्याला तो मळ वाटतो. तो मळ नाही, तो ब्रश आणि तांबं यांच्यामधला संरक्षक थर आहे. तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये अभ्रक असतं, ते तांब्याच्या पातळीच्या खाली कोरलेलं असावं लागतं. तांबं झिजून अभ्रक वर आलं की ब्रश त्यावरून उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. तू बोटानं हलकेच चाचपून पाहिलंस तर नख अडकतं. अर्थात मोटार पूर्ण बंद, सुटी आणि टेबलावर असताना, आणि मिस्त्रींना विचारून.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजायचं यंत्र, तू आयटीआयत वापरला असशील. इथे तो रोज लागतो आणि इथेच तो खरा शिकता येतो. पावसाळ्यात आलेल्या मोटारीचं इन्सुलेशन रीडिंग पडलेलं असतं. मोटार ओली आहे की तिचं इन्सुलेशन खरंच गेलंय, हे एका रीडिंगवरून कळत नाही. म्हणून मेगर लावून १ मिनिटाचं रीडिंग घ्यायचं, तसाच चालू ठेवून १० मिनिटांचं घ्यायचं, आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. याला पोलरायझेशन इंडेक्स म्हणतात. कोरड्या, निरोगी वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटारीतल्या तारांच्या वेटोळ्यांत, रीडिंग चढत जातं, भागाकार २ किंवा त्याहून वर येतो. ओल धरलेल्या किंवा धुळीनं भरलेल्या मोटारीत रीडिंग जागचं हलत नाही, भागाकार १ च्या आसपास अडकतो. तुमच्या चाळीतला कांदा वरून कोरडा दिसतो पण हात आत घातल्यावर ओल कळते, तसंच हे. मग मोटार स्वच्छ करून ओव्हनमध्ये तापवायची आणि पुन्हा मोजायचं. रीडिंग सुधारलं तर ओल होती, नाही सुधारलं तर इन्सुलेशन गेलंय. आणि मेगर काढल्यावर वाइंडिंग अर्थ करून डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही. १० मिनिटं दाब दिलेलं वाइंडिंग चांगला झटका देतं.

पिनियन, म्हणजे मोटारीच्या शाफ्टवरचं लहान दातेरी चाक, बसवताना बघायला मिळालं तर सोडू नकोस. मोटारीच्या शाफ्टचं टोक निमुळतं असतं. आधी त्यावर निळा रंग पातळ लावतात, पिनियन थंड असताना बसवून काढतात आणि रंग कुठे कुठे लागला ते बघतात. पुरेशा भागावर संपर्क आला तरच पुढे. मग पिनियन तापवून बसवतात आणि थंड असतानाच्या जागेपेक्षा ती किती पुढे सरकली ते मोजतात. कमी सरकली तर रस्त्यात सुटेल, जास्त सरकली तर तडा जाईल. काम थोड्या वेळाचं, पण त्यात फिटरच्या हाताची आणि मोजमापाची दोन्हींची परीक्षा असते. तू इलेक्ट्रिशियन आहेस म्हणून हे फिटरचं काम आहे असं म्हणून बाजूला उभा राहू नकोस.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. वर सांगितलेल्या कम्युटेटरच्या मोटारी डब्ल्यूएजी-७, डब्ल्यूएपी-४ अशा जुन्या इंजिनांतल्या आहेत आणि ती इंजिनं आता नव्यानं बनत नाहीत. नवी सगळी इंजिनं थ्री-फेजची. त्यांच्या मोटारीत कम्युटेटर नाही, ब्रश नाही. तिथे सगळी करामत कन्व्हर्टरची, जो मोटारीला हवा तो दाब आणि हवी ती फ्रिक्वेन्सी देतो. त्यामुळे वर्षभर फक्त डीसी सेक्शनमध्ये राहिलास तर हात तयार होईल, पण पुढच्या वीस वर्षांचं काम तुला कळणार नाही. थ्री-फेज मोटारींच्या सेक्शनमध्ये बदली मिळावी म्हणून स्वतः विचार. बेअरिंगमधून करंट जाऊन त्यावर बारीक खड्डे कसे पडतात, इन्सुलेटेड बेअरिंग का लावतात, स्पीड सेन्सर काय करतो, हे तिथे शिकायला मिळतं. आणि हे ज्ञान रेल्वेपुरतं नाही. अंबड-सातपूरच्या कुठल्याही कारखान्यात आज ड्राइव्हवर, म्हणजे अशाच छोट्या कन्व्हर्टरवर, चालणारी मोटार आहे. तिथला मेन्टेनन्सचा माणूस अडतो तो नेमका इथेच.

आता वर्ष वसूल कसं करायचं. मी मुलांना एक वही ठेवायला लावायचो. हजेरीची सरकारी डायरी वेगळी, ही स्वतःची. रोज एकच मोटार, तिचा नंबर, काय तक्रार घेऊन आली, उघडल्यावर काय दिसलं, कोणतं रीडिंग आलं, काय दुरुस्त केलं, टेस्ट बेंचवर कशी चालली. हातानं काढलेलं एक चित्र. बस. काही मुलं हे पंधरा दिवस करतात आणि सोडतात. जी टिकवतात त्यांच्याकडे वर्षाअखेर असं काही असतं जे कुठल्याही प्रमाणपत्रात नसतं. खासगी कंपनीच्या मुलाखतीत एका मुलानं अशी वही साहेबांसमोर उघडून ठेवली होती. साहेबांनी मार्कशीट नंतर पाहिली.

शिकवणारे तुला शोधत येणार नाहीत. कामाचा रेटा असतो, महिन्याला ठरलेल्या मोटारी बाहेर काढायच्या असतात, आणि जुन्या टेक्निशियनला प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर द्यायला वेळ नसतो. पण मी पाहिलंय, जो मुलगा आधी हत्यारं पुसून जागेवर ठेवतो, काम चालू असताना गप्प बघतो आणि जेवणाच्या सुट्टीत एकच नेमका प्रश्न विचारतो, त्याला तेच टेक्निशियन काका पुढच्या वेळी स्वतःहून हाक मारतात, ‘ये रे, हे बघ’. रिवाइंडिंग झालं, बॅलन्सिंग झालं की टेस्ट बेंचकडे जा. तिथे मोटार चालते, कंपनं मोजतात, बेअरिंगचं तापमान बघतात, आणि अख्ख्या कारखान्याच्या कामाचा निकाल तिथे लागतो. वर्षातला निदान काही काळ तिथे घालवायला मिळावा म्हणून सेक्शनच्या साहेबांना रीतसर विनंती कर. लाजू नकोस. प्रशिक्षणासाठी तू करारावर सही केलेली आहेस, शिकणं हाच त्या कराराचा हेतू आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण इथे मी कडक आहे. चालू क्रेनच्या हुकखाली उभं राहायचं नाही, कुणी बोलावलं तरी. कार्बनची धूळ उडते तिथे मास्क आणि व्हार्निशच्या भागात हवा खेळती आहे ना हे पाहायचं. एखाद्या इंजिन शेडमध्ये पाठवलं तर इंजिनाच्या छतावर पॉवर ब्लॉक (वरच्या तारेची वीज बंद करणं), आयसोलेशन आणि अर्थिंग झाल्याचं जबाबदार माणसानं सांगितल्याशिवाय चढायचं नाही. वरची तार २५,००० व्होल्टची असते आणि तिच्या २ मीटरच्या आत शरीर किंवा हत्यार न्यायचं नसतं. ती स्पर्शाची वाट बघत नाही. शिकाऊ माणसाला एकट्याला अशा कामाला पाठवलं तर ‘मी अप्रेंटिस आहे, माझ्यासोबत कुणी तरी द्या’ असं स्पष्ट सांगायचं. त्यात भित्रेपणा नाही. अपघात झाला तर अप्रेंटिसलाही भरपाईचा हक्क कायद्यानं दिलाय, हेही घरी सांगून ठेव.

परीक्षेचा अभ्यास याच वर्षात करायचा, नंतर नाही. नंतर म्हणणारी मुलं पुढे दोन वर्षं घरी बसून फॉर्म भरताना दिसतात. कारखान्यातून सुटल्यावर रोज दोन तास गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्य विज्ञान. असिस्टंट लोको पायलटच्या दुसऱ्या परीक्षेत ट्रेडचा एक भाग असतो, त्यात किमान ३५ टक्के हवेत. दिवसभर जे हातानं केलंस त्याचंच रात्री पुस्तक वाचलंस तर तो भाग सोपा जातो. वर्षाच्या शेवटी तुझी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होईल, ती पास झालास तरच राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावरच २० टक्क्यांचा दावा उभा राहतो. ती परीक्षा हलकी समजणारे अडकतात.

डोळ्यांचं मुद्दाम सांगतो. लोको पायलट व्हायचं मनात असेल तर आत्ता, या आठवड्यात, डोळे तपासून घे. त्या पदाला ए-१ दर्जा लागतो. दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६, रंगदृष्टी व्यवस्थित, आणि लॅसिकचं ऑपरेशन झालेलं चालत नाही. परीक्षा पास होऊन, वर्षं घालवून, मेडिकलला रंगदृष्टीवर बाद झालेली मुलं मी पाहिलीत. त्यांना आधी कळलं असतं तर त्यांनी टेक्निशियनचा किंवा डिप्लोमाचा रस्ता वेळेवर धरला असता.

आता जे तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. घर तुझ्या पगारावर चालणार असेल, कर्जाचा हप्ता असेल, धाकट्या बहिणीची फी असेल, तर ७००० आणि १४००० मधला फरक मी इथे बसून छोटा म्हणू शकत नाही. वर्षाला तो ८४,००० होतो. राहण्याची सोय तुझी तुलाच करावी लागेल असं धरून चाल. निफाडहून रेल्वेनं रोज ये-जा होते, पण सकाळच्या हजेरीला वेळेत पोचवणारी गाडी आहे का आणि ती किती वेळा रखडते, हे रुजू व्हायच्या आधी स्वतः एकदा प्रवास करून बघ. नाशिक रोड स्टेशनवरून पुढे बस किंवा शेअर रिक्षा धरावी लागेल. आणि उन्हाळ कांद्याच्या काढणीला आठ-आठ दिवस घरी राहता येणार नाही. हजेरी कमी पडली की प्रशिक्षण लांबतं. हे वडिलांशी आत्ताच बोल, मार्चमध्ये नको.

वय बघ. तू एकोणीस-वीसचा असशील तर एक वर्ष परवडतं. चोविशीच्या जवळ असशील आणि घरची निकड असेल तर गणित बदलतं. डिप्लोमाची इच्छा असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि सरकारी तंत्रनिकेतन आपल्या सामनगाव रोडलाच आहे. ज्युनिअर इंजिनिअरची जागा लेव्हल ६ ची, मूळ वेतन ३५,४००, ती डिप्लोमावर मिळते. अभ्यासात खरोखर चांगला असशील तर अप्रेंटिस आणि ट्रेनी या दोन्हींपेक्षा हा रस्ता मी वर ठेवीन. तू त्याचा उल्लेख केला नाहीस, म्हणून विचारतो. पैशामुळे की कुणी सांगितलंच नाही म्हणून?

अंबडच्या जागेबद्दल एक कळीचा प्रश्न आहे, तो कंपनीला फोन करून विचार. ‘ट्रेनी’ म्हणजे शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा नोंदणी केलेला करार आहे की साधी प्रशिक्षणार्थी नेमणूक? हे महत्त्वाचं अशासाठी की, कायद्याखालची अप्रेंटिसशिप एकदा केली किंवा चालू असली की रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीला तू पात्र राहत नाहीस. म्हणजे कंपनीत करारावर सही केलीस तर रेल्वेची ही वाट कायमची बंद. उलट इथून मध्येच सोडून गेलास तर करारभंगाची भरपाई मागितली जाऊ शकते आणि २० टक्क्यांचा हक्कही जातो. सही करताना दोन्हीकडचा कागद पूर्ण वाच. कंपनीला हेही विचार की काम कोणत्या विभागात आहे. मेन्टेनन्स किंवा टेस्टिंग असेल तर ती जागा चांगली आहे, तिथेही माणूस घडतो. पॅकिंग किंवा लाइनवर एकच स्क्रू आवळायचा असेल तर १४००० मध्ये तू फक्त वेळ विकतोयस.

माझ्या मुलानं हाच प्रश्न विचारला असता, वय विशीतलं, घर चालवायची सक्ती नाही, आणि अंबडची जागा लाइनवरची, तर मी त्याला एकलहऱ्याला पाठवलं असतं. कायम होशील म्हणून नाही. बिघडलेल्या मोठ्या यंत्रासमोर उभं राहून कारण शोधायची सवय त्या वर्षात लागते म्हणून, आणि ती सवय असलेल्या माणसाला नाशिकच्या कारखानदारीत काम मिळतं म्हणून. घरची गरज खरी असेल तर अंबडला जा, संध्याकाळी अभ्यास कर, टेक्निशियनची आणि लोको पायलटची परीक्षा तिथूनही देता येते. त्यात कमीपणा काही नाही.

रुजू व्हायचं ठरलं तर मूळ गुणपत्रिका, आयटीआय प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि यादीत सांगितलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र, सगळ्याच्या प्रती काढून ठेव. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेत, आधारवर आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रात एकच आहे का ते आज रात्रीच ताडून बघ. फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि कागदपत्रं तपासताना मुलं सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. कंपनीनं काय उत्तर दिलं आणि तुझं वय किती, हे लिही. मग पुढचं नेमकं सांगता येईल.